इंजिन माउंट

इंजिन माउंट हा मोटारवाहनाचे इंजिन व गिअरबॉक्स यांना सांगाड्याशी किंवा बॉडीशी जोडणारा लवचिक आधार आहे. धातूच्या दोन भागांमध्ये रबर घट्ट चिकटवून तो तयार केला जातो. गॅरेजमध्ये त्याला ‘फाउंडेशन’ किंवा ‘माउंटिंग’ असेही म्हणतात. इंजिनाचे वजन पेलणे, वेग वाढवताना इंजिनाचे डोलणे मर्यादेत ठेवणे आणि कंपने प्रवाशांपर्यंत पोहोचू न देणे ही त्याची कामे होत. पहिल्या दोन कामांसाठी आधार ताठ, तर तिसऱ्यासाठी मऊ असावा लागतो. झिजलेले माउंट बदलल्यानंतर गाडीची थरथर वाढण्याचे कारण अनेकदा या दोन गरजांचा तोल बिघडण्यात असते.

इतिहास

सुरुवातीच्या अनेक मोटारींत इंजिन सांगाड्याला थेट बोल्टने जोडलेले असे. १९३१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने प्लिमथ मोटारीत ‘फ्लोटिंग पॉवर’ ही रबरी आधारांची रचना आणली. पुढे फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने तिचा परवाना घेतला. शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असल्याने असे रबरी आधार नसतात. त्यामुळे लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागात एकाच घरातील ट्रॅक्टर व मोटार यांच्या थरथरीतील फरक सहज जाणवतो.

कार्यतत्त्व

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोनदा ज्वलन होते. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगला ज्वलनाची वारंवारिता ३० हर्ट्झ असते; तीन सिलिंडरच्या इंजिनात ती २२.५ हर्ट्झ भरते. माउंटवर बसवलेल्या इंजिनाची स्वतःची नैसर्गिक वारंवारिताही असते. ज्वलनाची वारंवारिता तिच्या सुमारे १.४ पटीपेक्षा अधिक असेल तरच माउंट कंपने रोखतो. दोन्ही जवळ आल्यास कंपने उलट वाढतात. रबराचा ताठपणा दुप्पट झाला की नैसर्गिक वारंवारिता सुमारे १.४ पट होते. म्हणून कठीण रबराच्या माउंटमुळे गाडी धावताना ठीक, पण सिग्नलवर उभी असताना थरथरते. तीन सिलिंडरच्या गाडीत हे अधिक जाणवते.

माउंट बदलल्यानंतरचे कंपन

याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

* मूळ भागापेक्षा कठीण रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा माउंट बसवणे.
* द्रव भरलेल्या माउंटच्या जागी साधा रबरी माउंट वापरणे.
* इंजिनाचा भार नीट बसण्यापूर्वी बोल्ट आवळल्याने रबराला कायमचा पीळ पडणे.
* एकच माउंट बदलल्याने उरलेल्या जुन्या माउंटांवर असमान भार येणे.
* इंजिनाची जागा किंचित बदलून सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकणे.
* स्पार्क प्लग, इंजेक्टर किंवा आयडलिंगमधील जुना दोष कायम राहणे.

निदान

कंपन केव्हा जाणवते यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. उभ्या गाडीत जाणवणारे व फेऱ्या किंचित वाढवताच नाहीसे होणारे कंपन माउंटकडे किंवा आयडलिंगकडे बोट दाखवते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवूनही ठरावीक वेगाला कायम राहणारे कंपन सहसा चाकांच्या बॅलन्सिंगशी किंवा टायरशी संबंधित असते. माउंटचे बोल्ट सैल करून इंजिन आपल्या वजनाने बसू देणे आणि मग उत्पादकाने दिलेल्या मापाने ते पुन्हा आवळणे, हा बिनखर्चाचा उपाय आधी केला जातो. तो न करता एकामागून एक भाग बदलल्यास मूळ दोष तसाच राहून खर्च वाढतो.

आयुर्मान व सुरक्षितता

उष्णता, तेलगळती व खराब रस्ते यांमुळे रबर कडक होते, तडकते किंवा धातूपासून सुटते. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यात इंजिनाच्या उष्णतेची भर पडते.

तुटलेला माउंट धोकादायक ठरू शकतो. १९७१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने याच कारणास्तव शेव्हरोलेची सुमारे ६७ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली. माउंट तुटल्यावर इंजिन उचलले जाऊन अॅक्सिलरेटर ओढला जाण्याचा धोका त्यांत होता. त्यामुळे थरथर कमी जाणवते म्हणून तुटका माउंट तसाच ठेवणे योग्य मानले जात नाही.