२१ सप्टेंबरचा सौदा

दिवाळीच्या तोंडावर जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून नवी घ्यायची, ही आपल्याकडची जुनी चाल. जुन्याचे वजन व्हायचे, त्याची किंमत वजा व्हायची आणि गृहिणीसमोर उरायचे ते फक्त 'वरचे पैसे'. नव्या पातेल्याची पुरी किंमत कोणी उच्चारीतही नसे. मनुष्यस्वभावाची हीच खुबी अमेरिकेतल्या मोटारवाल्यांनी हेरली आणि तिच्यावर केवढा तरी व्यापार उभा केला. जनरल मोटर्सचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा १९२० नंतरचा मोटारींचा बाजार कशाकशाने पालटला हे सांगताना हप्तेबंदी, बंद टपाची गाडी आणि दरसाल निघणारा नवा नमुना यांच्याच पंगतीला 'जुनी देऊन नवी घेणे' यालाही बसविले. शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत त्यांनी जणू शिडी लावून ठेवली होती. गिऱ्हाइकाने एकेक पायरी चढायची आणि दर पायरीला खालची गाडी दुकानात ठेवून फक्त फरक मोजायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशीच एक शिडी स्पोर्ट्स मोटारींच्या दुकानांतही लागली. इंग्लंडात राहून आलेल्या अमेरिकन सैनिकांना तिथल्या 'एम. जी.' या चिमुकल्या, उघड्या गाडीची गोडी लागली होती. ती पहिली पायरी. तिच्या वर जर्मनीची पोर्शे. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी कारखान्याच्या मागे लकडा लावून १९५४ साली 'स्पीडस्टर' नावाची गाडी काढविली. समोरची काच बुटकी, टप नावापुरता, आणि किंमत तीन हजार डॉलरांच्या आत. जिथे पावसाची फारशी धास्ती नाही अशा कॅलिफोर्नियात तरुण मंडळींच्या तिच्यावर उड्या पडल्या. सोमवार ते शुक्रवार तीतून कामावर जायचे आणि रविवारी तीच शर्यतीत उतरवायची.

या शिडीवरून दीड वर्षाच्या आत तळापासून टोकापर्यंत पोचलेल्या एका मुलाची ही हकीकत आहे. मुलगाच म्हणायचा, कारण १९५५ साली जेम्स डीन अवघा चोवीस वर्षांचा होता.

जन्म इंडियाना प्रांतातला. नऊ वर्षांचा असताना आई गेली. फेअरमाउंट या लहानशा गावी आत्याच्या शेतावर तो वाढला. शाळेत असतानाच मोटारसायकल पायाखाली आली. १९५४ साली 'ईस्ट ऑफ ईडन' या चित्रपटात काम मिळाले, हाती पैसा आला, आणि त्याने एक वापरलेली एम. जी. घेतली. १९५५ च्या वसंतात ती हॉलिवुडमधल्या 'कॉम्पिटिशन मोटर्स' या दुकानात देऊन त्याने पांढरी स्पीडस्टर घेतली. एंजिन सुमारे सत्तर अश्वशक्तीचे.

ही दुसरी पायरी त्याने चांगली वापरली, हे मान्य केले पाहिजे. नट हौसेखातर शर्यतीत उतरला म्हणून कौतुक करणारे पुष्कळ असतात. पण मार्चअखेर पाम स्प्रिंग्जला नवशिक्यांच्या शर्यतीत तो पहिला आला, आणि दुसऱ्या दिवशी मुरब्बी चालकांबरोबरच्या शर्यतीत त्याला दुसरा क्रमांक मिळाला. मेच्या आरंभी बेकर्सफील्डला तो आपल्या वर्गात पहिला होता. महिन्याच्या अखेरीस सँटा बार्बरा येथे बराच मागून सुटून चौथ्या स्थानापर्यंत चढला असता एंजिनच्या दट्ट्याने दगा दिला. एकूण तीन मेळावे. एवढीच त्याची शर्यतीतली कमाई. उन्हाळ्यात 'जायंट' चित्रपटाचे काम सुरू झाले आणि ते संपेपर्यंत शर्यतीचे नाव काढायचे नाही, असे त्याला बजावण्यात आले. वॉर्नर ब्रदर्सचा पैसा त्याच्या हाडांत गुंतला होता. त्यांना दोष देता येत नाही. सुमारे चार महिने गडी घरी बसल्यासारखा.

काम उरकता उरकता, २१ सप्टेंबर १९५५ रोजी, तो पुन्हा त्याच दुकानात गेला आणि स्पीडस्टर देऊन पोर्शेची '५५० स्पायडर' घेऊन आला.

या गाडीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. स्पीडस्टर ही रस्त्याची गाडी, शर्यतीत चालणारी. स्पायडर ही शर्यतीची गाडी, रस्त्यावर चालू शकणारी. पाहणाऱ्याला दोघी बहिणी वाटाव्यात, पण स्वभाव निराळे. एर्न्स्ट फुअरमान या अभियंत्याने रचलेले तिचे दीड लिटरचे एंजिन सुमारे एकशे दहा अश्वशक्तीचे. त्यात चार कॅमशाफ्ट, आणि ते जुळवणे म्हणजे घड्याळजीचे काम. अंग ॲल्युमिनियमचे, रंग रुपेरी, उंची माणसाच्या कमरेइतकी, वजन सुमारे सहाशे किलो, म्हणजे आपल्या एके काळच्या अँबॅसडरच्या निम्म्याच्या आसपास. अशा गाड्या कारखान्याने सगळ्या मिळून शंभरसुद्धा केल्या नाहीत.

दुकानदाराने जुन्या गाडीची किंमत धरली, नवीची लावली, फरक निघाला. हिशेब चोख. मात्र सत्तर आणि एकशे दहा यांतला फरक चालकाच्या हातात कुठून यायचा, हे बिलात लिहायला जागा नसते. तो सरावाने यायचा, आणि सरावाला होते नऊ दिवस.

गाडी घेतल्यावर दोनच दिवसांनी एका उपाहारगृहाबाहेर त्याने ती इंग्रज नट ॲलेक गिनेस यांना हौसेने दाखविली. या गाडीत बसू नकोस, बसलास तर आठवड्याच्या आत जिवास मुकशील, असे आपण त्याला म्हणालो, ही हकीकत गिनेस यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितली. लोक तिला भविष्यवाणी म्हणतात. मला तिच्यात भविष्यापेक्षा पोक्त माणसाचा धसका अधिक दिसतो. असले बोल आपल्याकडे प्रत्येक मामाने प्रत्येक भाच्याला मोटारसायकलीवरून ऐकवलेले असतात. खरे ठरले तेवढेच लक्षात राहतात.

याहून मोठी विलक्षण गोष्ट दुसरीच आहे. 'जायंट'च्या वेशातच डीनने वाहतुकीच्या सुरक्षिततेविषयी एक छोटी चित्रफीत करून दिली होती. शर्यतीत भाग घ्यायला लागल्यापासून आपण सडकेवर अधिक जपून चालवतो, असे तो तीत सांगतो. मला ते खोटे वाटत नाही. शर्यतीच्या धावपट्टीवर सगळे एकाच दिशेने, एकाच हेतूने धावत असतात. सडकेवर समोरचा माणूस घरी निघालेला असतो.

१ आणि २ ऑक्टोबरला सॅलिनास येथे शर्यती होत्या. स्पायडर तिथवर गाड्यावर चढवून, दुसऱ्या मोटारीमागे जोडून न्यायची, असा पहिला बेत होता. पण नवे एंजिन अजून मोकळे व्हायचे होते आणि चालकाचा हातही बसायचा होता. म्हणून पोर्शेचा यंत्रज्ञ रोल्फ व्यूटरिश याच्या सल्ल्याने ३० सप्टेंबरला डीन स्वतःच ती चालवीत निघाला. शेजारी व्यूटरिश, आणि मागून रिकामा गाडा ओढीत मित्रांची मोटार. जो सराव धावपट्टीवर व्हायचा तो सडकेवर होऊ लागला. दुपारी साडेतीनच्या सुमारास पोलिसाने अडवले. पंचावन्न मैलांच्या मर्यादेत पासष्ट, म्हणून चिठ्ठी हाती पडली.

पावणेसहाच्या सुमारास, शोलाम या वस्तीजवळ, ४६६ आणि ४१ क्रमांकांचे रस्ते मिळतात तिथे समोरून एक फोर्ड आली. तिकडे वाहने उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे डावीकडे वळणाऱ्याला समोरच्याची वाट छेदावी लागते. फोर्ड डावीकडे वळली. तिचे वजन स्पायडरच्या दुपटीहून जास्त. ती चालवणारा कॉलेजचा विद्यार्थी म्हणाला की ती गाडी आपल्याला दिसलीच नाही. उतरत्या उन्हाची वेळ, भोवती पिवळ्या गवताच्या टेकड्या आणि कमरेइतकी रुपेरी गाडी. न दिसणे शक्य आहे. त्याला किरकोळ लागले, व्यूटरिश गाडीबाहेर फेकला जाऊन जबर जखमी झाला, डीन वाचला नाही. चौकशीत कोणावरही गुन्ह्याचा ठपका आला नाही. तो किती वेगात होता यावर आजवर वाद चालले आहेत. पहिल्या बातम्यांत म्हटले होते तेवढा वेग नसावा, असे नंतर खुणांचे गणित मांडणाऱ्यांपैकी कित्येकांचे मत पडले.

तोवर त्याचा एकच मोठा चित्रपट लोकांनी पाहिला होता. दुसरा महिन्याभराने आला, तिसरा १९५६ त.

मोडक्या स्पायडरचे भाग शर्यतीच्या नादी असलेल्या दोघा डॉक्टरांनी घेतले. त्यांतला एक १९५६ साली पोमोनाच्या शर्यतीत मरण पावला आणि गाडी शापित असल्याची कथा जन्मली. त्या काळी शर्यतीत माणसे शापावाचूनही मरत. सांगाडा सुरक्षिततेच्या प्रदर्शनांतून गावोगाव फिरवला गेला आणि १९६० साली नाहीसा झाला. गिअरपेटी मात्र उरली. सात हजार डॉलरांच्या आसपास जिची पुरी किंमत, त्या गाडीची ती एवढीशी पेटी २०२१ साली लिलावात ३,८२,००० डॉलरांना गेली.