आपल्या गावचा दगड, आपल्या हातचा फोटो

बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज सगळं बोलून झालं की आपण एकमेकींच्या फोनमधले फोटो बघत बसतो. बारसं, लग्न, नातवंडं, नवी शेळी. माहूरला जाऊन आलेली असली की गडावरचा फोटो असतोच. पण त्यात आपण असतो, आणि किल्ला डोक्यामागं अर्धाच दिसतो. आज त्या अर्ध्या राहिलेल्या किल्ल्याबद्दल बोलू. जुन्या वास्तूंचे फोटो कुणी काढले, आणि ते काम आता आपण का हाती घ्यायचं, हे आम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्यापासून करू. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढायला तिथं पाठवलं. त्यांनी कितीतरी वर्षं घालवून मोठमोठी रंगीत चित्रं केली. ती लंडनला गेली, आणि १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातली बहुतेक जळाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला काढल्या. १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत त्यातल्याही बऱ्याच गेल्या.

पण गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या फोटोंचं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला छापून निघालं, आणि ते फोटो आजही बघायला मिळतात. चित्र एकच असतं, ते जळालं की संपलं. फोटोच्या मात्र दहा प्रती दहा घरांत ठेवता येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे मोठा खटाटोप होता. काचेच्या पट्टीला औषध लावायचं आणि ते ओलं आहे तोवरच फोटो घेऊन पट्टी धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकावं लागे. त्यासाठी अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी आणि जड कॅमेरा असं सगळं ओझं डोंगरात न्यायचं. मराठवाड्याच्या उन्हात काय होत असेल, विचार करा! त्यामुळे हे काम सरकारचं नाहीतर राजेरजवाड्यांचं.

आपलं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. त्यांनी देशभरातले महाल, किल्ले, देवळं काचेवर उतरवली. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढणारीही बाईच होती, एक इंग्रज बाई, म्हणून पडद्यातल्या बायका निर्धास्त येत. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून जास्त काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. पण तो स्टुडिओ बड्या घरच्या बायकांचा. रानात खुरपणाऱ्या आपल्या पणज्या आणि त्यांच्या गावातला पार यांच्यासाठी कुणी काच खर्च केली नाही.

मग फिल्मचा रोल आला. आपल्याकडे घराघरात पोचला तो अग्फा क्लिक थ्री कॅमेरा. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो. नंतरच्या छोट्या रोलमध्ये ३६. रोल विकत आणायचा, धुवायला तालुक्याला द्यायचा, आठ दिवसांनी कळायचं की कुणाचे डोळे मिटले आणि कुणाचं डोकं कापलं गेलं. असा मोजून वापरायचा रोल बारवेवर कोण घालवणार? तो माणसांवरच खर्च झाला, आणि त्यात चूक काही नाही. डिजिटल कॅमेऱ्यानं ही अडचण संपवली. १९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीतच पहिला असा कॅमेरा तयार झाला. एक फोटो कॅसेटवर साठवायला त्याला २३ सेकंद लागायचे. आज तेच काम आपला फोन पापणी लवायच्या आत करतो, आणि रोलचा खर्च नाही.

आता आपल्या शिवाराकडे बघा. माहूरचा किल्ला आणि तिथली पांडवलेणी, उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं, कंधारचा किल्ला, देगलूरजवळ होट्टलची देवळं. यांचे फोटो पुष्कळ निघतात. पण मारुतीच्या पाराजवळ तिरका पडलेला वीरगळ? सतीशिळा? सतीच्या दगडावर बांगड्या भरलेला एक हात कोरलेला असतो. गावातल्या एखाद्या बाईची ती एवढीच खूण. शेंदराचे थर चढत गेले की तो हात दिसेनासा होतो. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, कोरीव खांबांना ऑइलपेंट लागतो, भिंतींना टाइल्स लागतात, आडात कचरा पडतो. आधी कसं होतं, हे पाच वर्षांनी कुणाला सांगताही येत नाही.

कधी वेळ त्याहून वाईट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिवकडची दगडमातीची घरं काही क्षणांत पडली, हजारो माणसं गेली, आणि कितीतरी गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसली. जुनी वेस, जुना वाडा दिसणार तो कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मागं आला असेल तरच.

म्हणून हे काम गटानं करावं असं आम्हाला वाटतं. त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही. कोरीव दगडाचा फोटो सकाळी लवकर किंवा दिवस कलताना काढा. तिरपं ऊन पडलं की पुसट अक्षरंही उठून दिसतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांत पीठ, खडू, तेल भरू नका, दगड खराब होतो. रंगीत चित्रं असतील तिथं फ्लॅश लावू नका, अजिंठ्यातही लावू देत नाहीत. आधी पूर्ण वास्तू लांबून घ्या, मग चारी बाजू, मग एकेक कोरीव काम. शेजारी शाळेतली मोजपट्टी ठेवून एक फोटो घ्या, म्हणजे आकार कळेल. गाभारा, दर्गा, गोंड-कोलाम वस्तीतलं देवस्थान, तांड्यावरचं सेवालाल महाराजांचं मंदिर, कुठंही आधी तिथल्या माणसांना विचारा. नको म्हणाले तर नको.

फोटोइतकीच नोंद महत्त्वाची. एका वहीत गाव, जागा, तारीख, फोटो काढणारीचं नाव आणि माहिती सांगणारीचं नाव लिहा. या दगडाला काय म्हणतात, इथं नैवेद्य कधी असतो, ओटी का भरतात, हे म्हाताऱ्या बायांना ठाऊक असतं. पुस्तकांत ते क्वचितच येतं. नोंद नसलेला फोटो म्हणजे नाव नसलेलं पासबुक.

आणि फोटो फोनमध्ये अडकवून ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, हरवतो, लेकरं हातात घेऊन सगळं पुसून टाकतात. रोलच्या काळातल्या निगेटिव्ह अजून ट्रंकेत सापडतात, फोनमधला फोटो असा सापडत नाही. चांगले पाच-दहा फोटो स्टुडिओतून कागदावर काढून घ्या. एक प्रत गटाच्या फाइलला, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत द्या. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर टाकू नका, कोरड्या डब्यात ठेवा. त्यात आजोबांच्या मागं गावची वेस उभी असू शकते.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटानं गावातली एकच जागा निवडावी. तिथं रंगकाम किंवा बांधकाम निघणार असेल, तर तिचा नंबर पहिला.