झेडएक्स स्पेक्ट्रम: स्मृतिविस्तारानंतरच्या दोषांचे निदान

झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये सादर केलेला घरगुती संगणक आहे. त्याची १६ किलोबाइट रॅम असलेली आवृत्ती १२५ पौंडांना, तर ४८ किलोबाइटची आवृत्ती १७५ पौंडांना मिळत असे. १६ किलोबाइटच्या संगणकात अधिक चिपा बसवून तो ४८ किलोबाइटचा करणे, हा त्यातील एक प्रचलित फेरबदल होय. या फेरबदलानंतर आढळणारे स्मृतिदोष आणि ते शोधण्याची पद्धत यांचे वर्णन या लेखात केले आहे. स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती भारतातही 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विक्रीस आली होती.

स्मृतीची रचना

स्पेक्ट्रममधील झेड८०ए हा प्रक्रियक ६४ किलोबाइटपर्यंतचे पत्ते वापरू शकतो. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे:

- ० ते १६३८३: रॉम
- १६३८४ ते ३२७६७: खालची रॅम. ती ४११६ या प्रकारच्या आठ चिपांची असते. पडद्यावरील चित्र याच भागात साठवले जाते.
- ३२७६८ ते ६५५३५: वरची रॅम. विस्तार करताना ३२ किलोबाइटचा हा भाग जोडला जातो.

प्रत्येक चिप बाइटमधील एकच बिट सांभाळते. त्यामुळे एक चिप निकामी झाली, तरी त्या भागातील प्रत्येक बाइट बिघडतो.

वरच्या रॅमसाठी मूळ संगणकात ४५३२ या प्रकारच्या चिपा वापरल्या जात. ६४ किलोबिटच्या ज्या चिपांचा अर्धा भाग उत्पादनात सदोष निघे, त्या ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात. कोणता अर्धा भाग वापरायचा, हे बोर्डावरील तारेच्या जोडाने ठरते. हा जोड सर्व चिपांना सामाईक असल्याने आठही चिपांचा चांगला भाग एकच असावा लागतो. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स व ओकी यांच्या चिपांत हा भाग निवडण्याची रीत वेगळी असल्याने जोडही बदलावा लागतो. विस्तारात या आठ चिपांखेरीज पत्त्यांची निवड करणाऱ्या चार तार्किक चिपाही बसवाव्या लागतात.

संगणकाची स्वतःची चाचणी

संगणक सुरू होताच रॉममधील आज्ञावली सर्व रॅममध्ये २ हा अंक लिहिते. त्यानंतर १६३८४ पासून वर जात प्रत्येक ठिकाणचा अंक दोनदा एकेकाने कमी केला जातो. पहिल्या वेळी उत्तर शून्य येता कामा नये आणि दुसऱ्या वेळी ते शून्यच यावे लागते. जेथे असे होत नाही, तेथे चाचणी थांबते आणि त्याआधीचा पत्ता रॅमचा शेवट मानला जातो. हा पत्ता बेसिकमध्ये 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' या आज्ञेने पाहता येतो.

दोष आढळला तरी संगणक कोणतीही सूचना देत नाही. उरलेल्या रॅमवर तो नेहमीप्रमाणे चालू राहतो. त्यामुळे फसलेला विस्तार बराच काळ लक्षातही येत नाही.

उत्तराचा अर्थ

- ३२७६७: वरची रॅम अजिबात ओळखली गेलेली नाही. चुकीची बसवलेली चिप, वाकलेली पिन, न पोहोचणारा विद्युतदाब किंवा तार्किक चिपांतील दोष संभवतो.
- ४९१५१: वरच्या रॅमचा बरोबर अर्धा भाग मिळतो. पत्त्याची एक तार तुटली असल्यास दोन पत्ते एकाच जागी पोहोचतात व चाचणी मध्यावर थांबते.
- मधलीच एखादी संख्या: त्या ठिकाणचा साठवण-घटक सदोष असावा. अर्धा भाग निवडणारा जोड चुकला असल्यासही असे घडते.
- ६५५३५: चाचणी पूर्ण झाली, एवढाच याचा अर्थ आहे.

शेवटच्या उत्तरावर विसंबणे ही निदानातील नेहमीची चूक आहे. चाचणीत केवळ २, १ आणि ० हे अंक येतात. त्यामुळे वरच्या सहा बिटांपैकी एखादा बिट कायम शून्य राहिला, तरी तो पकडला जात नाही. संपूर्ण चिपच असा शून्य देत असेल, तर रॅमच्या शेवटी ठेवलेले परतीचे पत्ते बिघडतात आणि संगणक बहुधा सुरुवातीलाच अडकतो. दोष मोजक्याच घटकांत असेल, तर मात्र संगणक सुरळीत सुरू होतो आणि मोठा कार्यक्रम चालवताना बंद पडतो.

निदानाचा क्रम

१. विद्युतदाब: वरच्या चिपांच्या ८ क्रमांकाच्या पिनवर +५ व्होल्ट असावेत. ४११६ चिपांना तीन दाब लागतात: पिन १ वर −५, पिन ८ वर +१२ आणि पिन ९ वर +५ व्होल्ट. −५ व्होल्ट नाहीसे झाल्यास या चिपा जळू शकतात. म्हणूनच काम करताना झालेल्या क्षणिक शॉर्टमुळे, हात न लावलेली खालची रॅमही निकामी होऊ शकते.

२. विलगीकरण: वरच्या चिपा सॉकेटमध्ये असल्यास वीज बंद करून त्या काढाव्यात. संगणक १६ किलोबाइटचा म्हणून सुरू झाला, तर दोष विस्तारात आहे. पडद्यावर समान अंतरावर उभ्या रेषा दिसत राहिल्यास खालच्या रॅमकडे पाहावे.

३. बिटाची ओळख: 'क्लिअर ३२७६७' या आज्ञेनंतर वरच्या पत्त्यांवर २५५ व ० लिहून ते परत वाचावेत. २५५ ऐवजी २५१ मिळाल्यास ४ या किमतीचा बिट हरवलेला असतो आणि त्यावरून नेमकी चिप कळते. आधी सर्व पत्त्यांवर लिहून, थोडे थांबून मग वाचल्यास साठवलेला भार टिकत नसल्याचा दोषही उघड होतो.

पर्यायी चिपा

आता ४५३२ ऐवजी ६४ किलोबिटची ४१६४ ही चिप सर्रास वापरतात. तिचे दोन्ही भाग चांगले असल्याने कोणताही अर्धा निवडता येतो. मात्र झेड८० चा रिफ्रेश गणक सात बिटांचा, म्हणजे १२८ ओळींपुरता आहे. २५६ ओळींच्या रिफ्रेशची गरज असलेल्या चिपांसाठी जोड योग्य नसल्यास त्यांतील माहिती पुसली जाऊ शकते. तसेच ४१६४ केवळ +५ व्होल्टवर चालते. बोर्डावरील दाब न बदलता ती ४११६ च्या जागी बसवल्यास तिच्या पिन ८ वर १२ व्होल्ट येतात आणि ती नष्ट होते.