उपाशी राहून नाही: आपलं ताट, आपलं वजन आणि थोडा इतिहास

 

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. वजन वाढलंय, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. मग पुढचं ठरलेलंच असतं. कुणी रात्रीचं जेवण बंद करते, कुणी भाकरी सोडते, कुणी आठवड्याला तीन उपास धरते. आज आपण जरा मागे जाऊन बघू, हे वजन आलं कुठून आणि उपाशी राहून ते खरंच जातं का.

आधी आपलं जुनं ताट आठवा. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पिकायची, ती आपली दादर. पावसाळ्यात बाजरी, तूर, उडीद, मूग. वर सातपुड्याच्या उतारावर मोर, भादी, बर्टी अशी बारीक धान्यं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी व्हायची, खानदेशात ती आजही होते. त्या एका भाकरीत धान्यही आहे आणि डाळही. सोबत अंबाडीची भाजी, ठेचा, कांदा, असलं तर ताक. असं जेवण पोटात टिकतं, कारण 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही नसतो. दोघांची ऊर्जा जवळपास सारखीच, पण एकाने पोट लवकर भरतं आणि उशिरा रिकामं होतं.

ते ताट तयार करतानाच अंग झिजायचं. पहाटे दळण, मग कांडण, मग विहिरीचं पाणी, मग शेत. ते दिवस परत यावेत असं कुणीच म्हणणार नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांच्या खांद्यावरचं केवढं ओझं उतरलं, ते घरातल्या आजीला विचारा. शिवाय त्या काळी पोटभर मिळेलच असंही नव्हतं. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि उरलं तरच जेवायची.

पुढे ताट हळूहळू बदललं. स्वातंत्र्यानंतर देशात धान्य कमी पडत होतं. 1956 साली भारताने अमेरिकेशी करार केला आणि पीएल 480 या कायद्याखाली तिकडचा गहू जहाजांनी येऊ लागला. 1964 साली ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, तिलाच आपण हायब्रीड म्हणू लागलो. मग 1972चा दुष्काळ पडला. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या त्या गर्दीत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. खायला मिळायची सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो. मिलो म्हणजे ज्वारीचीच एक जात, तिकडे ती गुरांना घालतात. त्याची चव आठवली की जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात. भूक काय असते हे शिकायला आपल्याला पुस्तक उघडावं लागत नाही.

नंतर विहिरी आल्या, पंप आले. कापूस, ऊस, मिरची, पपई अशा नगदी पिकांनी ज्वारीची जागा घेतली. 1990 नंतर बाहेरून आलेलं पामतेल स्वस्त झालं. चहात साखर वाढली, पोरांच्या हातात पाच रुपयांच्या पुड्या आल्या. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्य हक्काचं झालं. या धान्याने कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. भरड धान्य देण्याची सोय त्या कायद्यात आहे, पण दुकानातून आपल्या पिशवीत मुख्यतः पडले गहू आणि तांदूळ.

म्हणजे एका बाजूने दळण-कांडण गेलं, दुसऱ्या बाजूने चोथा गेला, डाळ पातळ झाली, तेल-साखर वाढली. वजन वाढण्यामागे एवढा सगळा इतिहास आहे. तेव्हा 'मीच आळशी, मीच खादाड' असं कुणी स्वतःला बोल लावून घेऊ नका.

आता दुसरी बाजू. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये चारांत जवळजवळ एक जास्त वजनाची निघाली, तर पाचांत एक फार बारीक. आणि रक्त कमी असलेल्या निघाल्या निम्म्याहून जास्त. म्हणजे एकाच घरात सासूचं वजन जास्त आणि सूनबाई हडकुळी असू शकते. एवढंच काय, एकाच बाईचं वजन जास्त आणि रक्त कमी, असंही असू शकतं. तिने जेवण सोडलं तर वजन राहील बाजूला, रक्त मात्र आणखी खाली जाईल.

उपाशी ठेवलं तर शरीर काय करतं, याचा एक प्रयोग इतिहासात नोंदलेला आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा सावरायचं कसं, हे कळावं म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुण निवडले. ही मुलं स्वतःहून पुढे आली होती आणि धडधाकट होती. 24 आठवडे त्यांना नेहमीच्या साधारण निम्मं अन्न दिलं आणि रोज चालायला लावलं. वजन उतरलं, सुमारे पाव हिस्सा. पण त्याबरोबर अंगातली ताकद गेली, थंडी वाजू लागली, चक्कर येऊ लागली, चिडचिड वाढली. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले! आणि पुन्हा पोटभर मिळू लागलं तेव्हा आधी चरबी भरून आली, मांस मागे राहिलं.

असं का होतं? रॉकेल कमी असलं की आपण कंदिलाची वात बारीक करतो. शरीरही तेच करतं. अन्न एकदम तोडलं की ते खर्च कमी करतं आणि चरबीबरोबर स्नायूही जाळतं. स्नायू गेले की पुढे तेवढंच खाऊनही वजन लवकर वाढतं.

आपले उपास तरी कुठे हलके असतात? 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. ज्या कसाव्याच्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा आणि शेंगदाणाही तिकडचेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तेल किंवा तूप पडलं की खिचडीची एक ताटली भाकरी-भाजीहून भारी पडते. श्रद्धेचा उपास जरूर करा, पण तो वजन उतरवेल असं धरून चालू नका.

आता आपल्याच राज्यातली गोष्ट ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी आणि चरबी जास्त निघाली. पुढे 2004 साली डॉक्टर याज्ञिकांनी इंग्लंडमधले सहकारी डॉक्टर युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21 टक्के! म्हणून काट्यावरचा आकडा आपल्याबद्दल सगळं सांगत नाही. कंबर मोजा. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. आणि एक गोष्ट मनात पक्की धरा: गरोदरपणी सूनबाई अर्धपोटी राहिली, तर त्याचं देणं पोटातल्या बाळाला फेडावं लागतं.

मग वजन कमी करायचं कसं? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 21व्या अध्यायात, अति जाड माणसाला काय द्यावं ते सांगितलं आहे. तत्त्व असं की अन्न पोटात जड असावं, पण अंगात चरबी वाढवणारं नसावं. यादीत जव आहे, कोद्रा, मूग, कुळीथ, तूर, आवळा आहे, आणि अभ्यासक जिला ज्वारी मानतात ते धान्यही आहे. मेहनत हळूहळू वाढवावी, असंही तिथे म्हटलंय. पोट भरलेलं ठेवूनच शरीर हलकं करायचं, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

आजच्या ताटात तो असा उतरवू. अर्धं ताट भाजीचं: अंबाडी, मेथी, घोळ, शेवग्याचा पाला, जे बांधावर मिळेल ते. पाव ताट घट्ट वरण, उसळ, अंडं किंवा मासळी. पाव ताट भाकरी, जमेल तेव्हा दादरची किंवा कळण्याची. रेशनचा तांदूळ टाकायचा नाही, वाटी कमी करून त्यावर डाळ वाढवायची. तेल माणशी दिवसाला चार लहान चमचे पुरे. म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण अडीच किलो.

चहाचा हिशोब मांडा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे 50 ग्रॅम साखर. महिन्याची झाली दीड किलो, एकटीची. रोजच्या त्या साखरेची ऊर्जा एका मोठ्या भाकरीएवढी भरते. भाकरी सोडण्याआधी ही साखर सोडली तर पोट भरलेलं राहील आणि पैसेही वाचतील.

आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला. शेतात वाकून काम केलं तरी चालणं वेगळं मोजा. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठायचा सराव करा, मांड्यांत बळ येईल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठायला लागा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. सहा महिन्यांत पाच किलो गेले आणि परत आले नाहीत, तर तो मोठा विजय.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वजन उतरवायच्या मागे लागू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. काही न करता वजन झपाट्याने वाढलं किंवा उतरलं तरी दवाखान्यात दाखवा.

पुढच्या बैठकीला गटात एक टेप आणा आणि सगळ्यांच्या कमरेचं माप वहीत लिहा. आशाताईंना सांगून रक्तही तपासून घ्या. आणि या महिन्यात घरात एक रीत बदला: बाईने सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं, उभ्याउभ्या जेवायचं नाही. सगळ्यांबरोबर बसायचं आणि डाळ-भाजी आपल्याही ताटात आधी वाढून घ्यायची. आपल्या आज्यांना नाइलाजाने उपाशी राहावं लागलं, ती पाळी आपण हौसेने ओढवून घ्यायची नाही.