कोइकरहोंत्ये श्वानजातीचे पुनरुज्जीवन : एका मादीच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना : नवोदित पैदासकाराने योग्य मादी कशी निवडावी, या प्रश्नाच्या अनुषंगाने नेदरलँड्समधील कोइकरहोंत्ये जातीचा इतिहास प्रस्तुत लेखात तपासला आहे.

विवेचन : रानबदकांना सापळ्याकडे आकर्षित करणारी ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नामशेष होत आली होती. बॅरोनेस व्हान हार्डेनब्रूक यांनी एका फेरीवाल्यास अशा श्वानाचे चित्र व केसांची बट देऊन शोध घेण्यास सांगितले. फ्रीसलंडमधील एका शेतावर त्यास ‘टॉमी’ ही मादी आढळली. १९४२ मध्ये तिला पिल्ले झाली. १९७१ मध्ये जातीस नेदरलँड्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली. तथापि मोजक्या पूर्वजांमुळे आनुवंशिक दोषही पसरले. रक्तस्राव न थांबण्याचा फॉन विलेब्रांड विकार हा त्यांपैकी एक होय. त्याची वाहक मादी निरोगी दिसते. जनुकीय चाचणीने ती निश्चित ओळखता येऊ लागली. अशा माद्या सरसकट वगळल्यास अल्पसंख्य जातीचा जनुकसंच अधिकच आक्रसतो. म्हणून त्यांचा संयोग दोषमुक्त नराशीच घडवणे इष्ट ठरते.

निष्कर्ष : बॅरोनेस यांच्यापुढे बाह्यरूप हीच प्रमुख कसोटी होती. आजच्या नवोदितास ती सबब उरलेली नाही. वंशावळ, चाचणी-अहवाल व स्वभाव न तपासता मादी स्वीकारणे म्हणजे आपल्या अज्ञानाचा भार पुढील पिढ्यांवर लादणे होय.