विश्लेषण : रक्त ‘ताजे’च हवे का? रक्तपिशवीच्या वयाने रुग्णाला किती फरक पडतो?

रुग्णाला रक्त चढवावे लागणार असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांची धावपळ सुरू होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतात. रक्तपेढीतून पिशवी मिळाली तरी तिच्यावरची तारीख पाहून अनेकांच्या मनात शंका येते : तीन आठवड्यांपूर्वीचे रक्त कसे चालेल? त्यापेक्षा आत्ता कुणी दाता आणला तर? ही शंका स्वाभाविक आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती पडली होती. तिचे उत्तर शोधण्यासाठी जगभरात हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या.

रक्त किती दिवस टिकते?

दात्याकडून घेतलेले रक्त बहुतेकदा तसेच न ठेवता घटकांमध्ये वेगळे केले जाते आणि प्रत्येक घटकाची मुदत वेगळी असते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. पिशवीत ‘सीपीडीए’ हे द्रावण असेल तर त्या ३५ दिवस आणि ‘सॅग-एम’ हे पोषक द्रावण घातले असेल तर ४२ दिवस वापरता येतात. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात. त्या फ्रिजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात. गोठवलेला प्लाझ्मा उणे ३० अंशांवर वर्षभर टिकतो.

हे आकडे आले कुठून?

रक्त शरीराबाहेर आले की गोठते. पहिल्या महायुद्धात सायट्रेट आणि ग्लुकोज मिसळून रक्त काही दिवस टिकवण्यात यश आले. १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्ताचा साठा सुरू केला आणि त्याला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. पुढे द्रावणे सुधारत गेली तशी मुदत २१ दिवसांवरून ३५ आणि मग ४२ दिवसांवर गेली. ही मुदत ठरवण्याची एक प्रमुख कसोटी अशी आहे : मुदतीच्या शेवटच्या दिवशी रक्त चढवले तरी २४ तासांनंतर त्यातल्या किमान ७५ टक्के तांबड्या पेशी शरीरात जिवंत फिरत असल्या पाहिजेत.

साठवणीत रक्तात काय बदलते?

थंडीत पेशींचे काम मंदावते, पण थांबत नाही. त्यांची ऊर्जा (एटीपी) हळूहळू कमी होते. गोल, लवचीक पेशींवर काटे येऊ लागतात आणि काही पेशी फुटतात. पेशींतले पोटॅशियम झिरपून बाहेरच्या द्रवात येते. ‘२,३-डीपीजी’ नावाचे रसायन दोन आठवड्यांत जवळपास संपते. या रसायनामुळे पेशी आपल्याकडचा ऑक्सिजन सहज सोडतात. ते नसले तर पेशी तो धरून ठेवतात. मात्र रक्त शरीरात गेल्यावर काही तासांतच हे रसायन पुन्हा तयार होऊ लागते आणि दोन-तीन दिवसांत बहुतांश पूर्ववत होते. या सगळ्या बदलांना मिळून ‘साठवणीतील बिघाड’ म्हणतात.

मग जुने रक्त धोक्याचे नाही का?

२००८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदय शस्त्रक्रिया झालेल्या ६,००२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १४ दिवसांपर्यंतचे रक्त मिळालेल्यांपैकी १.७ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, तर त्याहून जुने रक्त मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २.८ टक्के होते. या निष्कर्षाने खळबळ उडाली. पण तो जुन्या नोंदींवरून काढलेला होता. दोन्ही गटांतले रुग्ण इतर बाबतींत सारखेच होते याची खात्री नव्हती.

म्हणून पुढे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडून चाचण्या घेण्यात आल्या. कॅनडाच्या पुढाकाराने अतिदक्षता विभागातील २,४३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) एका गटाला सरासरी ६ दिवसांचे, तर दुसऱ्याला २२ दिवसांचे रक्त दिले गेले. ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ३७.० आणि ३५.३ टक्के होते, म्हणजे ताज्या रक्ताचा फायदा दिसला नाही. २०१६ मध्ये चार देशांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ९.१ आणि ८.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

भारतासाठी युगांडातील चाचणी अधिक जवळची आहे. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात तीव्र रक्तक्षय झालेल्या २९० बालकांपैकी काहींना १ ते १० दिवसांचे, तर काहींना २५ ते ३५ दिवसांचे रक्त देण्यात आले. दोन्ही गटांतील मुले सारखीच सावरली. त्यांच्या रक्तक्षयाची कारणे होती मलेरिया आणि सिकलसेल, म्हणजे पूर्व विदर्भाला परिचित असलेले आजार.

ताजे रक्त कुणासाठी मागतात?

नवजात बाळाचे सगळे रक्त बदलायचे असेल किंवा तान्ह्या बाळाला एकदम मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असेल, तर साठलेले पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकते. तेव्हा डॉक्टर शक्यतो काही दिवसांपूर्वीचेच रक्त मागतात. थॅलेसेमियाच्या रुग्णांना आयुष्यभर रक्त लागते. चढवलेल्या पेशी जास्त दिवस टिकाव्यात म्हणून त्यांना दोन आठवड्यांच्या आतले रक्त देण्याचा प्रयत्न असतो.

दिघोरीसारख्या गावासाठी याचा अर्थ काय?

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी (मोठी) हे गाव आहे. जिल्हा रुग्णालय भंडारा शहरात. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला तर इथल्या बाईसाठी पिशवी किती दिवसांची आहे यापेक्षा ती किती लांब आहे हा प्रश्न मोठा ठरतो. दाता ऐनवेळी मिळाला तरी त्याचे रक्त लगेच चढवता येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियाची तपासणी बंधनकारक आहे. शिवाय रक्तगट जुळवणीलाही वेळ लागतो. तपासून ठेवलेली पिशवी मात्र जुळवणी होताच देता येते.

हे ओळखून केंद्र सरकारने २००१ मध्ये नियम बदलला. वर्षाला २,००० युनिटपर्यंत रक्त वापरणाऱ्या ग्रामीण रुग्णालयांना पूर्ण रक्तपेढीच्या परवान्याशिवाय, ठरावीक अटींवर मंजुरी घेऊन ‘रक्त साठवण केंद्र’ चालवता येते. ही केंद्रे मोठ्या रक्तपेढीकडून तपासलेले रक्त आणून ठेवतात. हा सगळा डोलारा ‘साठवलेले रक्त चालते’ या एका गोष्टीवर उभा आहे.

खरी काळजी घ्यायची ती थंडाव्याची. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वाहतुकीत पेटीतले तापमान १० अंशांच्या वर जाता कामा नये. फ्रिजबाहेर अर्ध्या तासाहून जास्त राहिलेली पिशवी परत साठ्यात ठेवत नाहीत, आणि चढवायला घेतलेले रक्त चार तासांत संपवावे लागते. उन्हात तासभर राहिलेल्या पाच दिवसांच्या पिशवीपेक्षा नीट थंड ठेवलेली तीस दिवसांची पिशवी अधिक सुरक्षित असते.

दात्यांनी काय करावे?

देशभरातील रक्तपेढ्यांना पाच वर्षांत २८ लाखांहून अधिक युनिट रक्त आणि रक्तघटक टाकून द्यावे लागले, असे २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारातून उघड झाले. मुदत संपणे हे त्यामागचे एक कारण. एखाद्या जयंतीला किंवा वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा होतात, सहा आठवड्यांत त्यांची मुदत संपते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा टंचाई येते. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, महिलांना दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. गावातल्या मंडळांनी तारखा वाटून घेतल्या, तर तेच दाते वर्षभर साठा भरता ठेवू शकतात.

आणि नातेवाइकांनी पिशवीवर पाहायचे ते इतकेच : रक्तगट, रुग्णाचे नाव व क्रमांक आणि मुदतीची तारीख. ती तारीख उलटलेली नसेल, तर रक्त किती दिवसांचे आहे याची बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चिंता करण्याचे कारण नाही.