इंग्रजीतील मुकी अक्षरे आणि लॅटिनचा सोस

'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द इंग्रजीत लिहिताना मध्ये एक 'बी' येतो आणि वाचताना तो नाहीसा होतो. नवख्या विद्यार्थ्याने त्याचा उच्चार केला की वर्गात हशा पिकतो. वास्तविक इंग्रजांच्या तोंडी हा 'बी' रुळलेलाच नव्हता. तो विद्वानांच्या लेखणीने घुसवला.

हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून. मध्ययुगातील इंग्रज तो बोलत तसाच, 'बी'शिवाय लिहीत. पुढे लॅटिन विद्येचे वेड वाढले. या शब्दाचे लॅटिन मूळ 'डेबिटुम', तेव्हा त्यातील 'बी' लेखनात दिसलाच पाहिजे असा आग्रह सुरू झाला. शंका या अर्थाच्या 'डाउट'मध्येही 'बी' शिरला तो याच वाटेने. बोलण्यात काहीच बदलले नाही. शब्दाच्या कपाळी फक्त कुळाचा टिळा लागला.

गंमत अशी की 'डेट'मधला हा 'बी' फ्रेंचांनीही काही काळ लिहिला आणि नंतर काढून टाकला. मराठी वाचकालाही हा प्रकार परका वाटू नये. 'नांव', 'गांव', 'पांच' यांवरील न उच्चारले जाणारे अनुस्वार व्युत्पत्तीच्याच आधारावर टिकून होते. 1962 च्या लेखननियमांनी ते हटवले. इंग्रजीला असा निर्णय घेणारी संस्थाच नव्हती.

या पांडित्याची थट्टा त्याच काळात झाली. शेक्सपिअरच्या 1598 मध्ये छापलेल्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' नाटकात होलोफर्नीस नावाचा एक पंतोजी आहे. लोक 'डेट' आणि 'डाउट'मधला 'बी' उच्चारत नाहीत, म्हणून तो संतापतो. आज ज्या उच्चाराला चूक म्हणतात, तोच या पंतोजीला शुद्ध वाटत होता!

कधी कधी तर कुळच चुकीचे लावले गेले. बेट या अर्थाचा 'आयलंड' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. लॅटिन 'इन्सुला'शी त्याचे काही नाते नाही. तरीही त्या नात्याच्या भ्रमातून त्यात 'एस' आला. स्कॉटलंडच्या डोंगरांत हिवाळ्यात पांढरा होणारा 'टार्मिगन' नावाचा पक्षी आहे. त्याचे नाव गेलिक भाषेतले. पण 1684 मध्ये रॉबर्ट सिबाल्ड या वैद्य-निसर्गाभ्यासकाने त्याच्या आरंभी 'पी' जोडला, कारण पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दाची सुरुवात तशी होते. तो 'पी' आजतागायत मुकाच आहे.

सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशाने अशा अनेक रूपांना स्थैर्य दिले, पण सुसंगती दिली नाही. 'रिसीट' आणि 'डिसीट' एकाच लॅटिन धातूचे वंशज. पहिल्यात 'पी' राहिला, दुसऱ्यात नाही. त्याच कोशात दोष या अर्थाच्या 'फॉल्ट'विषयी नोंद आहे की बोलण्यात त्यातील 'एल' बहुधा गाळला जातो. हा 'एल'ही लॅटिनसाठीच घातलेला. येथे मात्र लेखणी जिंकली: आज सारे जग 'फॉल्ट' असेच म्हणते.

सर्वांत विलक्षण कथा 'कर्नल'ची. स्तंभ या अर्थाच्या शब्दावरून इटालियनमध्ये 'कोलोनेल्लो' झाला. एकापाठोपाठ येणारे दोन 'ल' फ्रेंचांच्या जिभेला जड गेले. त्यांनी 'कोरोनेल' केला आणि 16 व्या शतकात इंग्रजांनी तोच उचलला. नंतर इटालियन युद्धग्रंथांची भाषांतरे करणाऱ्यांनी लेखनात 'एल' परत आणला. दोन्ही उच्चार दीर्घकाळ शेजारी नांदले. अखेर लेखन इटालियन वळणाचे उरले आणि उच्चार फ्रेंच वळणाचा.

मराठीने हा हुद्दा कानाने घेतला, म्हणून देवनागरीत 'र' आहे. 'लेफ्टनंट'चेही तसेच: इंग्रजी लेखनात 'एफ' कोठेच नाही, अमेरिकन माणूस 'लूटेनंट' म्हणतो, मराठीतला 'फ' ब्रिटिश उच्चारातून आलेला आहे.